भूक परत येईपर्यंत

पंचकर्म करून आलेल्या माणसाला 'कसे झाले?' असे विचारले की उत्तर बहुधा आकड्यांत येते. वमनाला सहा वेग आले, विरेचनाला पंधरा-वीस वेळा जावे लागले, बस्ती आठ झाले, वजन इतके उतरले. ऐकणाराही तेवढ्यावर समाधान मानतो, कारण शुद्धीची दोघांची कल्पना एकच असते. आत काही साचले होते, ते बाहेर पडले, काम झाले. ही कल्पना खोटी नाही, पण अर्ध्यावर थांबणारी आहे. ज्या ग्रंथांवर हे उपचार उभे आहेत त्यांच्या मते ओकारी थांबली किंवा जुलाब थांबले म्हणजे शोधन पुरे झाले असे होत नाही. रुग्णाला पहिल्यासारखी भूक लागली, त्याने नेहमीचे जेवण घेतले आणि ते त्याला पचले, की मग शोधन पुरे झाले. या लेखात एवढी एकच गोष्ट सावकाश उलगडायची आहे. पंचकर्माचा आरंभ भुकेपाशी होतो, पायरीपायरीला तिचीच विचारपूस होते आणि शेवटही तिच्यावरच ठरतो.

आधी पाच कर्मे कोणती ते पाहू. चरकसंहितेच्या परंपरेत वमन (औषधाने ओकारी), विरेचन (जुलाब), निरूह बस्ती (काढ्याची), अनुवासन बस्ती (तेलाची) आणि नस्य (नाकातून औषध) ही पाच येतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात शोधनाचे पाच प्रकार सांगताना निरूह, वमन, विरेचन आणि शिरोविरेचन, म्हणजे नस्य, यांच्या जोडीला रक्तमोक्षण, म्हणजे रक्त काढणे, आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री आपल्याला मोडी लिपी आणि हेमाडपंती देवळे यांच्यामुळे माहीत असतो. त्याने या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. म्हणजे या विषयाची चर्चा मराठी मुलुखाला निदान तेराव्या शतकापासून परकी नाही.

या दोन्ही याद्यांत एक गोष्ट सापडत नाही. कपाळावर तेलाची संथ धार धरलेली जी छायाचित्रे पंचकर्माच्या जाहिरातींत हमखास दिसतात, ती शिरोधारा पाचांपैकी एकही कर्म नव्हे. वाग्भटाने ती मस्तकावर तेल वापरण्याच्या चार प्रकारांत घातली आहे. सर्वांगाला तेल चोळणे, वाफ घेणे, केरळात प्रसिद्ध असलेले पिळिच्चिल किंवा नवरा तांदळाच्या पोटल्यांचा शेक, ही सगळी स्नेहन-स्वेदनाची कुळी. त्यांचा उपयोग आहे, सुखही आहे. पण शोधनाच्या हिशेबात त्यांची जागा पूर्वतयारीत. तयारीलाच कार्य समजून माणूस घरी परतला, तर त्याला आराम मिळाला एवढेच खरे.

आता मूळ मुद्दा. आयुर्वेदाचे शरीराविषयीचे सगळे बोलणे अग्नीभोवती फिरते. खाल्लेल्याचे रूपांतर करून त्याचे शरीर बनवणारी जी शक्ती, ती अग्नी. वैद्य त्याचे चार प्रकार करतात. खाल्लेले वेळेवर पचवणारा सम, कधी पचवणारा तर कधी न पचवणारा विषम, पचवून पुन्हा लगेच मागणारा तीक्ष्ण आणि थोडेही न झेपणारा मंद. अग्नी मंद झाला की अन्न अर्धेकच्चे राहते. त्या अर्धवट पचलेल्या, चिकट, जड अवस्थेला आम म्हणतात. सुश्रुताने निरोगी माणसाची व्याख्या करताना दोष सम असावेत असे म्हटले आणि त्याच्या लगेच पाठोपाठ अग्नी सम असावा असे म्हटले. धातू, मल, मनाची प्रसन्नता हे सगळे त्यानंतर. तेव्हा शरीराचे साम्य परत आणायचे म्हणजे नेमके काय परत आणायचे, याचे उत्तर या क्रमातच आहे.

यावर कोणी शंका घेईल की अग्नीच सुधारायचा तर उपवास पुरे. ओकाऱ्या आणि जुलाबांचा एवढा खटाटोप कशाला? शंका रास्त आहे आणि चरकाने तिचे उत्तर दिले आहे. दोष, म्हणजे वात, पित्त आणि कफ, थोडे बिघडले असतील तर नुसते लंघन, म्हणजे उपवास, पुरते. मध्यम असतील तर लंघनाला पाचनाची, म्हणजे पचवणाऱ्या औषधांची, जोड द्यावी. फार वाढलेले असतील तरच ते बाहेर काढावेत. म्हणजे शोधन ही सरसकट सगळ्यांना देण्याची गोष्ट नव्हे. मग ज्याला ते द्यायचे त्याला का द्यायचे? चरक म्हणतो की लंघन-पाचनाने जिंकलेले दोष कधी तरी पुन्हा उसळू शकतात, शोधनाने काढलेले तसे उसळत नाहीत. हा दावा मोठा आहे. पण तो ज्या शोधनाविषयी केला आहे, ते सगळ्या पायऱ्यांसह केलेले शोधन आहे, हे विसरून चालत नाही.

पहिली पायरी दीपन-पाचनाची. सुंठ, नागरमोथा, त्रिकटू अशी साधी औषधे काही दिवस देऊन वैद्य आधी जिभेवरचा साका, तोंडाची चव, ढेकर आणि भूक पाहतो. आम असताना शोधन करू नये, हा नियम वाग्भटाने कडक शब्दांत सांगितला आहे. आमासह सर्व शरीरात पसरलेले आणि धातूंत मुरलेले दोष ओढून काढायला गेले तर ते निघत नाहीत, उलट ज्या शरीरात ते राहतात त्यालाच इजा होते. त्यांना आधी पिकवायचे, सुटे करायचे आणि मग जवळच्या वाटेने बाहेर जाऊ द्यायचे. बाहेर काढण्याचे औषध देण्याआधी भूक लागेल असे करणे, ही उलटी वाटणारी सुरुवात इथून आली आहे.

दुसरी पायरी स्नेहपानाची. यात नुसते किंवा औषधी तूप रोज सकाळी वाढत्या प्रमाणात पाजतात. अनेकांना हीच पायरी सगळ्यांत जड जाते. सकाळी उठून वाटीभर पातळ तूप घशाखाली उतरवणे सोपे नसते. तूप प्यायल्यावर गरम पाणी घोटघोट घ्यायचे आणि खरी भूक लागेपर्यंत काही खायचे नाही. वाग्भटाने इथे एक बारीक भेद केला आहे. रोग शमवण्यासाठी तूप द्यायचे तर ते भूक लागलेल्याला द्यावे. शोधनासाठी द्यायचे तर रात्रीचे अन्न पचले आहे पण भूक अजून पेटलेली नाही, अशा वेळी द्यावे. कारण कडकडून भूक लागली असेल तर अग्नी ते तूप खाऊनच टाकतो आणि शरीरभर पसरून दोष सैल करण्यासाठी ते उरत नाही. तूप प्यायचे घड्याळसुद्धा असे भुकेवर लावलेले आहे.

तुपाचे प्रमाणही तिच्यावरच ठरते. दोन याम, म्हणजे सुमारे सहा तासांत पचेल ती लहान मात्रा, चार यामांत पचेल ती मध्यम आणि आठ यामांत पचेल ती मोठी. माप वाटीचे नाही, पचायला लागणाऱ्या वेळाचे आहे. एकाची लहान मात्रा दुसऱ्याला मोठी ठरू शकते. म्हणून जाणता वैद्य पहिल्या दिवशी थोडे तूप देऊन पाहतो आणि भूक किती वाजता लागली हे विचारतो. त्या उत्तरावर दुसऱ्या दिवसाचे प्रमाण ठरते. हे स्नेहपान कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात दिवस. मृदू कोठ्याचा माणूस तिसऱ्याच दिवशी स्निग्ध होतो. अशा माणसाला दूध, गूळ, उसाचा रस, मनुका, एवढेच काय गरम पाण्यानेही साफ होते. क्रूर कोठ्याला सात दिवस लागतात. सातानंतर तूप अंगवळणी पडते आणि त्याचा शोधनासाठी उपयोग राहत नाही. पुरे झाल्याच्या खुणा चरकाने दिल्या आहेत. वायू खालच्या दिशेने सुटतो, मळ स्निग्ध आणि सैल होतो, अंग मऊ पडते. आणि अग्नी प्रदीप्त होतो. इतके तूप पिऊनही भूक मेली नाही, उलट जागी झाली, ही खूण न दिसता पुढे जायचे नसते.

तिसरी पायरी स्वेदनाची. अंगाला तेल लावून घाम आणायचा. चरकाने अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत आणि अग्नीशिवायचे दहा. या दहांत व्यायाम, जाड पांघरूण आणि ऊन यांच्या बरोबरीने भीती, राग, कुस्ती आणि भूकही आहे. घामाने काय साधते? हातापायांत, कातडीत, धातूंत पांगलेले दोष पातळ होऊन कोठ्याकडे, म्हणजे पोट आणि आतड्यांकडे सरकतात, असे या शास्त्राचे म्हणणे आहे. तिथपर्यंत ते आले की बाहेरची वाट जवळ असते. तूप आणि घाम यांचे काम एवढेच, की पुढच्या दिवशी जोर करावा लागू नये.

मग मुख्य कर्माचा दिवस. वमन असेल तर स्नेहपान संपल्यावर मध्ये एक दिवस जाऊ देतात आणि त्या दिवशी मुद्दाम कफ वाढवणारे जेवण देतात. आपल्याकडे दहीभात, उडदाचे वडे, खीर असे पदार्थ यासाठी चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध किंवा ज्येष्ठमधाचा काढा गळ्याशी येईपर्यंत पाजून गेळफळ, मध, सैंधव यांचे औषध देतात. विरेचन असेल तर मध्ये तीन दिवस हलके, कफ न वाढवणारे जेवण असते. चौथ्या दिवशी सकाळची कफाची वेळ उलटली की निशोत्तर, बाहवा किंवा एरंडेल असलेले औषध देतात. बस्तीत काढे आणि तेले गुदद्वारातून देतात. वाताच्या रोगांत चरकपरंपरा त्याला अर्धी चिकित्सा मानते आणि काहींच्या मते तर ती सगळीच चिकित्सा.

आकड्यांची आवड ग्रंथांनाही आहे, हे मान्य केले पाहिजे. वमनाचे आठ वेग उत्तम, सहा मध्यम, चार कनिष्ठ. विरेचनाचे तीस, वीस आणि दहा. बाहेर पडलेल्या द्रवाचे मापही दिले आहे. शेवटी काय पडले याचीही कसोटी आहे. वमनाच्या अखेरीस पित्त दिसावे, विरेचनाच्या अखेरीस कफ. पण या तिन्हींच्या पलीकडे चौथी कसोटी आहे ती लक्षणांची, आणि अनुभवी वैद्य तिला जास्त मान देतात. हलके वाटले का? छाती, डोके, पोट मोकळे झाले का? इंद्रिये तरतरीत आहेत का? बारा वेग येऊन माणूस सुखात असेल तर ते बरोबर झाले. तीस वेग येऊन तो गळून गेला, हातपाय गार पडले, तर तो अतियोग, म्हणजे चूक. आकडा मोठा म्हणून शोधन मोठे, असा हिशेब ग्रंथांत नाही.

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल की ठीक आहे, तयारी झाली, कर्मही झाले, आता राहिले काय? राहिले ते सगळ्यांत महत्त्वाचे. शोधनाने दोष निघतात हे खरे, पण त्या झटक्यात अग्नीही मंद होतो. कालपर्यंत मोठ्या कष्टाने जागी केलेली भूक आज दबलेली असते. चरक याला एक दृष्टांत देतो. विझत आलेला विस्तव गवताच्या काड्यांनी आणि शेणीच्या चुऱ्याने हळूहळू फुलवला की तो मोठा, स्थिर होतो आणि मग काहीही पचवतो. तसाच शुद्ध झालेल्या माणसाचा अग्नी पेजेपासून क्रमाने वाढवावा. चूल पेटवलेल्या माणसाला यापुढचे सांगावे लागत नाही. ठिणगीवर एकदम ओंडका ठेवला की धूर तेवढा होतो.

या क्रमाला संसर्जन म्हणतात आणि त्याचे गणित मोठे रेखीव आहे. पायऱ्या अशा. आधी पेया, म्हणजे थोडी शिते असलेली पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे आपल्या घरातला गुरगुट्या भात. मग मुगाचे कढण, आधी मीठ-फोडणीविना आणि मग तूप, मीठ, सुंठ घालून. शेवटी मांसरस. मांस न खाणाऱ्यांना त्याजागी दाट कढण चालते. शार्ङ्गधराने पाण्याचे मापही दिले आहे. पेयेला तांदळाच्या चौदापट पाणी, विलेपीला चौपट. शुद्धी उत्तम झाली असेल तर प्रत्येक पायरीला तीन जेवणे, मध्यम झाली तर दोन, कनिष्ठ झाली तर एक. उत्तम शुद्धीची अशी बारा जेवणे होतात. पहिले त्या दिवशी संध्याकाळी धरले तर बारावे सातव्या दिवशी सकाळी येते आणि त्या संध्याकाळी माणूस नेहमीच्या ताटावर बसतो. मध्यम शुद्धीत हेच पाच दिवसांत होते, कनिष्ठ शुद्धीत तीन.

या गणितातला मथितार्थ सहज निसटतो. ज्याचे शोधन सगळ्यांत चांगले झाले, त्याला सगळ्यांत जास्त दिवस पेजेवर राहायचे आहे. आपल्या मनातला हिशेब याच्या उलट चालतो. चांगले झाले म्हणजे आता मोकळे, आता खायला हरकत नाही, असे आपण समजतो. शास्त्र म्हणते की जितके जास्त निघाले तितका अग्नी जास्त दबला, आणि तितकी त्याची जपणूक जास्त. तीस वेग झाल्याचा अभिमान ज्याला सांगायचा आहे, त्याने सात दिवसांची पेज-कढणेही सांगितली पाहिजेत.

ही नियमावली आंधळी नाही. दोष थोडेच निघाले असतील, रुग्ण मद्य पिणारा असेल किंवा वात-पित्ताच्या प्रकृतीचा असेल तर पेज देऊ नका, तिने जडपणा येईल, असे चरकच सांगतो. अशांना लाह्यांच्या पिठाचे पातळ तर्पण द्यायचे. बस्तीनंतर असा पेजेचा क्रम नाही, निरूहानंतर त्याच दिवशी रसयुक्त जेवण देतात. पण तिथे पथ्याचा काळ वेगळ्या रीतीने मोजला आहे. बस्ती वगैरे जितके दिवस चालले त्याच्या दुप्पट दिवस जपायचे. पोटाचा अग्नी सावरल्यावर जिभेचीही पाळी येते. एकमेकांविरुद्ध चवी आलटून पालटून देत सहाही रसांची सवय पुन्हा लावायची, इतका बारीक विचार चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात आहे.

आजच्या शरीरविज्ञानाच्या नजरेने पाहिले तरी या भागातला शहाणपणा कळतो. ओकाऱ्या आणि जुलाबांत शरीरातून पाणी आणि क्षार जातात. सैंधव घातलेली पातळ पेज म्हणजे पाणी, मीठ आणि सहज पचणारा स्टार्च. आतड्यात साखरेच्या जोडीने मीठ शोषले जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी. जलसंजीवनी याच तत्त्वावर चालते आणि तांदळाच्या पिठापासूनही ती करता येते. पण याच नजरेने दुसरी बाजूही सांगायला हवी. रक्तातली नको असलेली द्रव्ये काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करत असतात. ओकारीतून किंवा शौचावाटे 'टॉक्सिन' निघून गेले, असे जाहिरातीत लिहिले की कोणते, किती आणि कशाने मोजले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आम म्हणजे रसायनशास्त्रातले विष नव्हे. ती अपचनाच्या अवस्थेची कल्पना आहे, आणि तिची कसोटी प्रयोगशाळेच्या आधी भुकेवर लागते. शास्त्राला त्याच्याच भाषेत वाचले तर ते जास्त प्रामाणिक वाटते.

चरकाने या विषयाला हात घातला तो औषधांच्या यादीने नव्हे, तयारीच्या अध्यायाने. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आचार्य आत्रेय सांगतो की शोधनाचे औषध पाजण्याआधी सगळी सामग्री गोळा करून ठेवावी. जास्तीचा वारा नसलेले पण एका बाजूने हवा खेळणारे घर, धूर-धूळ-ऊन न लागणारे, पाणी, उखळ, शौचकूप, न्हाणी, स्वयंपाकघर असलेले. सेवा करणारी कुशल माणसे, गाणारे, गोष्टी सांगणारे, दुभती गाय, आणि अर्थात स्वयंपाकी. शिष्य अग्निवेश शंका काढतो. औषध बरोबर दिले तर बरे होणारच आणि चुकीचे दिले तर बिघडणारच. मग इतकी जमवाजमव कशासाठी? आत्रेयाचे उत्तर नम्र आहे. नेमके द्यायला आम्हाला जमेलही. पण दोष, औषध, देश, काळ, बल, प्रकृती, वय यांचे बारकावे इतके सूक्ष्म असतात की चांगल्या बुद्धीच्या माणसाचाही गोंधळ उडतो. म्हणून बरोबर कसे द्यावे तेही सांगतो आणि चुकले तर काय करावे तेही.

हे वर्णन राजा आणि धनिक यांच्यासाठी आहे, हे ग्रंथालाही ठाऊक आहे. पुढे तो स्पष्ट म्हणतो की सगळ्या माणसांकडे सगळी साधने नसतात आणि गरिबालाही दारुण रोग होतातच. त्याने जे जमेल तेवढ्यानिशी शोधन घ्यावे. गाय नसली, गाणारा नसला तरी चालेल. पण अग्नी मात्र राजाचा असो की रंकाचा, शोधनाने दोघांचाही मंदच होतो. त्याला सावरायला लागते ती मूठभर तांदळाची पेज, आणि ती गरिबाच्या घरीही शिजते. कोकणातल्या घराघरात उकड्या तांदळाची पेज तापातून उठलेल्या माणसासमोर येते, देशावर मुगाचे कढण किंवा मऊ भात येतो. नाव माहीत नसले तरी संसर्जनाची ही रीत आपल्या स्वयंपाकघरांना पाठ आहे.

आता वेळेचा हिशेब करू. दीपन-पाचनाचे काही दिवस. स्नेहपानाचे तीन ते सात. मधल्या विश्रांतीचे एक किंवा तीन. कर्माचा एक. संसर्जनाचे तीन ते सात. एकच वमन किंवा एकच विरेचन नीट करायचे म्हटले तरी दोन आठवडे सहज लागतात, बहुधा जास्तच. चैत्र, श्रावण आणि मार्गशीर्ष या महिन्यांत साचलेले दोष काढावेत असे चरक सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असा सवडीचा काळ आहे. शनिवार-रविवारच्या मुक्कामात किंवा तीन दिवसांच्या 'पॅकेज'मध्ये हे बसणारच नाही. तेवढ्या वेळात जे बसते ते तेल, वाफ आणि फार तर एखादा जुलाब. त्याला त्याच्या नावाने ओळखावे.

आणि घरी परतण्याचे काय? शोधनानंतर टाळायच्या आठ गोष्टी चरकाने मोजल्या आहेत. मोठ्याने बोलणे, वाहनाचे हिसके, फार चालणे, फार बसणे, आधीचे न पचता जेवणे, अहितकर खाणे, दिवसा झोपणे आणि मैथुन. दुपारी विरेचन आटोपून संध्याकाळच्या एसटीने घाट उतरणाऱ्याने यातला दुसरा नियम मोडला. दुसऱ्या दिवशी कचेरीत आठ तास खुर्चीवर बसून चौथा, आणि डब्यातल्या पोळीभाजीने सहावा. मग पंचकर्माने त्रासच झाला, अशी तक्रार तो करतो. तक्रार खरी असते. पंचकर्म मात्र झालेले नसते.

धोक्याची बाजूही सांगितली पाहिजे. गर्भवती, लहान मुले, फार म्हातारे, फार कृश, हृदयरोगी यांना वमन देऊ नये हे ग्रंथातच आहे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाणी आणि क्षार घालवणारा कोणताही उपचार आपल्या डॉक्टरांना न कळवता घेऊ नये आणि चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पुस्तक वाचून किंवा चित्रफीत पाहून घरी ओकारी काढण्याचा किंवा जमालगोट्याचा प्रयोग तर अजिबात करू नये. आत्रेयासारखा आचार्य चुकण्याची तयारी ठेवून सामग्री जमवतो, तिथे आपण एकट्याने धाडस करण्यात अर्थ नाही.

म्हणून पंचकर्म करायचे ठरवलेच, तर वैद्याकडे जाऊन किंमत आणि दिवस विचारण्याआधी तीन प्रश्न विचारा. मला याची गरज का आहे, लंघन-पाचनाने भागणार नाही का? तूप सुरू करण्याआधी माझी भूक तुम्ही कशी तपासाल? आणि कर्म झाल्यावर पहिल्या दिवसापासून सातव्यापर्यंत मी काय, किती आणि केव्हा खायचे? पहिल्या दोहोंची उत्तरे थोडी कमी-जास्त चालतील. तिसऱ्याचे उत्तर तपशीलवार, तुमच्या प्रकृतीला धरून मिळाले तर तिथे उपचार घ्यायला हरकत नाही. 'हलके काहीतरी खा' एवढेच ऐकू आले तर नमस्कार करून उठा. आणि उत्तर मिळूनही तेवढे दिवस पेज-कढणावर घरी बसण्याची सवड तुमच्याकडे नसेल, तर सवड होईपर्यंत पंचकर्म करू नका.